मायकोरायझा संकल्पनेचा इतिहास आणि वृक्षसंवर्धन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०१६ रोजी राज्यात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. २०१७ साठी ४ कोटी, २०१८ साठी १३ कोटी व २०१९ साठी ३३ कोटी असे हे उद्दिष्ट पुढे वाढत गेले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने अनेक महाविद्यालये या कार्यात सहभागी झाली. पहिल्या पावसात टेकडीवर खड्डे खणणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासमवेत चिखल तुडवणारे प्राध्यापक हे दृश्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. 'गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचे रोप' हा आपल्यातील नेहमीचा विनोदही तितकाच परिचयाचा आहे. रोपे का जगत नाहीत याची कारणे सांगताना उन्हाळ्यातील पाणीटंचाई, मोकाट गुरे, वणवा आणि देखभालीचा अभाव यांचा उल्लेख होतो आणि तो यथार्थच असतो. मात्र एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. रोपाला माती मिळाली, पण मातीत त्याच्या मुळांना साथ देणारे सजीव होते काय?

बहुसंख्य वनस्पतींची मुळे मातीत एकटी नसतात. विशिष्ट कवके त्यांच्याशी कायमचे नाते जोडतात. कवकाचे सूक्ष्म तंतू मुळापासून दूरवर पसरून पाणी व खनिजद्रव्ये, विशेषतः स्फुरद, आणून देतात. त्याच्या मोबदल्यात वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या अन्नाचा काही भाग कवकाला देते. मूळ आणि कवक यांच्या या संयुक्त अवयवाला 'मायकोरायझा' म्हणतात. ग्रीक भाषेतील 'कवक' आणि 'मूळ' या अर्थाच्या दोन शब्दांपासून ही संज्ञा तयार झाली असून मराठीत तिला 'कवकमूळ' म्हणता येईल.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. मायकोरायझा या संकल्पनेच्या उदयाचा व स्वीकाराचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. या स्वीकारात रोपवाटिकांतील अनुभवांचा वाटा किती होता, हे तपासणे.
३. या इतिहासाच्या आधारे आजच्या वृक्षलागवडीसाठी काही निष्कर्ष मांडणे.

लेखाची मांडणी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केली आहे. कवकमुळांचे महत्त्व केवळ सिद्धांताने पटले नाही. जेथे जेथे झाडे वाढण्यास अपयश आले, तेथे तेथे ते ध्यानात आले, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

१. ट्रफलचा शोध आणि फ्रांक यांचे निरीक्षण

या इतिहासाचा आरंभ एका खाद्यपदार्थाच्या निमित्ताने झाला. ट्रफल हे जमिनीखाली वाढणारे अत्यंत मूल्यवान कवक होय. प्रशियात त्याची लागवड करता येईल काय, याचा शोध घेण्याचे काम तेथील कृषी व वनखात्याच्या मंत्र्यांनी बर्लिनच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक (१८३९-१९००) यांच्याकडे सोपवले. ट्रफल विशिष्ट वृक्षांखालीच का सापडते, हे पाहण्यासाठी फ्रांक यांनी ओक, बीच, हॉर्नबीम, हेझल इत्यादी वृक्षांची मुळे तपासली. त्यांना जे दिसले, ते ट्रफलपुरते मर्यादित नव्हते. या वृक्षांच्या शोषक मुळांची टोके कवकतंतूंच्या दाट आवरणाने वेढलेली होती. मातीशी प्रत्यक्ष संपर्क मुळाचा नसून कवकाचा होता. शिवाय ही झाडे रोगट नव्हती, निरोगी होती.

१८८५ मध्ये फ्रांक यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि 'मायकोरायझा' ही संज्ञा रूढ केली. कवक हे वृक्षाचे पोषण करणाऱ्या दाईसारखे आहे, अशी उपमा त्यांनी योजली. १८८७ मध्ये त्यांनी कवकमुळांचे दोन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात कवक मुळाभोवती आवरण करते व पेशींच्या मधून शिरते, तर दुसऱ्या प्रकारात ते प्रत्यक्ष पेशींच्या आत शिरते. आजही 'बाह्य' व 'आंतर' कवकमुळे हा भेद अभ्यासाच्या मुळाशी आहे.

फ्रांक यांना हे सुचले, यालाही पूर्वपीठिका होती. १८७७ मध्ये त्यांनी शैवाकांचा अभ्यास करताना भिन्न सजीवांच्या एकत्र राहण्यासाठी एक तटस्थ संज्ञा वापरली होती. शैवाक म्हणजे कवक आणि शैवाल यांचे संयुक्त शरीर. आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल हे त्याचेच उदाहरण होय. दोन सजीव एकत्र दिसले म्हणजे एक दुसऱ्याचे शोषण करीत असलाच पाहिजे असे नाही, ही दृष्टी त्यांना दगडफुलाच्या वर्गातील सजीवांनी दिली होती. पोलिश शास्त्रज्ञ फ्रांचिशेक कामिएन्स्की यांनीही १८८०च्या दशकाच्या आरंभी हरितद्रव्य नसलेल्या मोनोट्रोपा या वनस्पतीच्या मुळांवरील कवक तिला अन्न पुरवीत असावे, असा विचार मांडला होता. फ्रांक यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी हा विचार अपवादात्मक वनस्पतीपुरता न ठेवता अरण्यातील प्रमुख वृक्षांना लागू केला.

२. पित्याने रेखाटलेले, पुत्राने नाकारलेले

फ्रांक यांच्या मताला तीव्र विरोध झाला. त्या काळी वनस्पतिरोगशास्त्र नुकतेच प्रतिष्ठा पावले होते. कवके पिकांचा व वनांचा नाश कसा करतात, हे त्या शास्त्राने दाखवून दिले होते. अशा वातावरणात 'हे कवक उपकारक आहे' असे म्हणणे विपरीत वाटले, यात नवल नाही. विरोधकांत अग्रभागी होते रॉबर्ट हार्टिग (१८३९-१९०१). ते फ्रांक यांच्याच वयाचे व वनरोगशास्त्राचे प्रवर्तक मानले जाणारे संशोधक. मुळांवरील कवके त्यांना परजीवीच वाटत होती.

यात इतिहासाचा एक विलक्षण योगायोग आहे. रॉबर्ट यांचे पिता थिओडोर हार्टिग (१८०५-१८८०) यांनी १८४० च्या सुमारास पाइन वृक्षाच्या मुळांची चित्रे काढताना पेशींच्या मधून पसरलेली एक जाळी रेखाटली होती. ती कवकाची आहे, हे त्यांना उमगले नव्हते. मुळाच्याच रचनेचा तो भाग असावा, असे त्यांनी मानले. आज ती जाळी 'हार्टिग जाल' या नावाने ओळखली जाते आणि मूळ व कवक यांच्यातील देवाणघेवाण तेथेच होते. पित्याने जे पाहिले पण ओळखले नाही, तेच पुत्राने ओळखले, परंतु त्याचा अर्थ वेगळा लावला. पाहणे आणि समजणे यांत किती अंतर असते, याचे विज्ञानाच्या इतिहासातील हे बोलके उदाहरण होय.

फ्रांक यांनी वादाला प्रयोगाने उत्तर दिले. १८९४ मध्ये त्यांनी पाइनची रोपे निर्जंतुक केलेल्या व न केलेल्या वनमातीत वाढवून दाखवली. कवक असलेल्या मातीतील रोपे अधिक जोमाने वाढली. परंतु माती तापवल्याने तिचे रासायनिक गुणधर्मही बदलतात, हा आक्षेप उरलाच. फ्रांक यांचा कल वनमातीतील सेंद्रिय पोषणाकडे होता. १९०० मध्ये एर्न्स्ट श्टाल यांनी मात्र कवकमुळांचे मुख्य कार्य खनिजक्षार मिळवणे हे असावे, अशी मांडणी केली. फ्रांक यांचा मृत्यू त्याच वर्षी झाला. तोवर त्यांच्या सिद्धांताला सर्वमान्यता मिळाली नव्हती.

३. अपयशी रोपवाटिकांचा पुरावा

प्रयोगशाळेतील वाद अनिर्णित असतानाच उत्तर अगदी वेगळ्या ठिकाणाहून आले. विसाव्या शतकात अनेक देशांनी इमारती लाकडासाठी पाइनची लागवड हाती घेतली. जेथे पाइन कधीच उगवत नव्हते, अशा भूप्रदेशांचाही त्यांत समावेश होता. बियाणे आयात झाले, वाफे तयार झाले, रोपे उगवलीही. पण काही बोटे वाढून पिवळी पडली आणि खुंटली.

पश्चिम ऑस्ट्रेलियात हा अनुभव आला. तेथील वनाधिकारी एस. एल. केसेल यांनी १९२७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. नव्या रोपवाटिकांत पाइनची रोपे रोगट राहत होती. मात्र जुन्या व निरोगी रोपवाटिकेतील थोडी माती मिसळताच ती सुधारत होती. खताने जे साधले नाही, ते ओंजळभर मातीने साधले. या मातीत कोणतातरी सजीव घटक असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरील कथा याहून अधिक बोधप्रद आहे. तेथे १९३० च्या दशकापासून पाइन लावण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते. १९५५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातून कवकयुक्त माती आणून ती रोपांना दिली गेली, तेव्हा रोपे प्रथमच जोमाने वाढू लागली. इतक्या वर्षांच्या अपयशात हवामान, जमीन, खत, बियाणे या साऱ्यांवर संशय घेतला गेला होता. जे नव्हते, ते डोळ्यांना दिसणारे नसल्यामुळे त्याचा अभावही दिसला नाही.

इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातील वेअरहॅम येथे नापीक माळावर सूचिपर्णी वृक्ष वाढत नव्हते. तेथे एम. सी. रेनर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की, कंपोस्ट दिल्यावर मुळांवरील कवकांची वाढ होते आणि त्याबरोबर रोपेही सावरतात. येथे मातीतील परिस्थिती कवकाला प्रतिकूल होती, हा या प्रकरणातील वेगळेपणा होय. कवक असणे पुरेसे नाही. त्याला जगता येईल अशी माती असणेही आवश्यक आहे.

या उदाहरणांची ऐतिहासिक महत्ता अशी की, निसर्गाने येथे आपणहून तो प्रयोग करून दाखवला, जो फ्रांक यांना कुंडीत करावा लागला होता. अरण्यात कवक सर्वत्र असते, म्हणून त्याचे कार्य लक्षात येत नाही. ते नसलेल्या भूमीत वृक्ष नेऊन लावल्यावरच त्याची उणीव भासली.

४. प्रयोगशाळेतील सिद्धता

क्षेत्रीय अनुभवाला शास्त्रीय आधार देण्याचे श्रेय प्रामुख्याने स्वीडनमधील एलियास मेलिन यांना जाते. १९२० च्या दशकात त्यांनी मुळांवरील कवके शुद्ध स्वरूपात वेगळी करून निर्जंतुक रोपांवर पुन्हा वाढवली. अमुक कवकामुळे अमुक वृक्षावर कवकमूळ तयार होते, हे यामुळे निर्विवाद झाले. १९३७ मध्ये अमेरिकेतील ए. बी. हॅच यांनी गवताळ प्रदेशातील मातीत पाइनची रोपे वाढवून त्यांचे रासायनिक विश्लेषण केले. कवकमुळे असलेल्या रोपांत नत्र, स्फुरद व पालाश अधिक आढळले आणि त्यांतही स्फुरदातील फरक सर्वांत ठळक होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सारी समस्थानिके संशोधकांना उपलब्ध झाली. मेलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात किरणोत्सारी स्फुरद कवकतंतूंमार्फत रोपात जातो आणि रोपात तयार झालेला कार्बन कवकात जातो, या दोन्ही गोष्टी दाखवल्या. ऑक्सफर्ड येथील जे. एल. हार्ली यांनी बीच वृक्षाच्या मुळांवर स्फुरदशोषणाचे सविस्तर प्रयोग केले आणि १९५९ मध्ये या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रांक यांच्या मूळ लेखानंतर सुमारे पाऊण शतकाने देवाणघेवाणीचा हिशेब दोन्ही बाजूंनी पूर्ण झाला.

या हिशेबाचे कारण मातीच्या स्वभावात आहे. स्फुरद मातीत अतिशय मंद गतीने सरकतो. मूळ आपल्या सभोवतालचा स्फुरद शोषून घेते, तेव्हा त्याच्याभोवती काही मिलिमीटर रुंदीचा रिता पट्टा निर्माण होतो. मुळापेक्षा कित्येक पटींनी बारीक असलेले कवकतंतू हा पट्टा ओलांडून पलीकडे पोहोचतात. काही मायक्रोमीटर जाडीचा तंतू मातीच्या ज्या छिद्रात शिरतो, तेथे मूळ शिरू शकत नाही. महाराष्ट्राच्या संदर्भात हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो, तर कोकणातील जांभ्या मातीत तो लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो. दोन्हीकडे स्फुरद असतो, पण मुळांच्या हाती सहजासहजी लागत नाही.

५. फळझाडांची मुळे आणि आतील कवक

येथवरचा इतिहास बहुतांशी पाइन, ओक, बीच यांचा, म्हणजे बाह्य कवकमुळांचा आहे. अशा वृक्षांखाली पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंब्यांपैकी अनेक याच कवकांची फळे असतात. आपल्याकडील साग, आंबा, कडुनिंब, संत्रा, चिंच इत्यादी वृक्षांचे नाते मात्र आंतर कवकमुळांशी आहे. या कवकांना अळंबी येत नाही. त्यांचे बीजाणू मातीतच असतात आणि मूळ बाहेरून पूर्णपणे सामान्य दिसते. म्हणूनच त्यांची दखल उशिरा घेतली गेली.

जे. एम. यान्से यांनी १८९७ मध्ये जावा बेटावरील अनेक वनस्पतींच्या मुळांत असे कवक असल्याची नोंद केली. उष्ण कटिबंधातील वनस्पतींत हे नाते किती व्यापक आहे, याची ती आरंभीची साक्ष होय. १९०५ मध्ये फ्रेंच संशोधक गालो यांनी पेशींच्या आत कवकाने केलेल्या झुडपासारख्या सूक्ष्म रचनेचे वर्णन केले. देवाणघेवाण याच रचनेत होते आणि आज या प्रकाराला तिच्यावरूनच 'अर्बस्क्युलर' असे नाव आहे. पुढे १९५० च्या दशकात इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात बार्बरा मॉसे यांनी प्रथम स्ट्रॉबेरीच्या मुळांतील कवकाचा संबंध मातीतील बीजाणूंशी जोडला. १९५७ मध्ये त्यांनी कवकयुक्त व कवकरहित सफरचंदाच्या रोपांची वाढ व रासायनिक घटना यांची तुलना प्रसिद्ध केली. फळझाडांच्या शास्त्रात कवकमुळांचा खऱ्या अर्थाने प्रवेश झाला तो येथे.

तरीही फलोत्पादनात हा विचार रुजला, तो पुन्हा एका अपयशातून. अमेरिकेतील लिंबूवर्गीय फळांच्या रोपवाटिकांत रोगजंतू व सूत्रकृमी नष्ट करण्यासाठी माती विषारी धुरीने निर्जंतुक केली जात असे. अशा स्वच्छ मातीत रोपे निरोगी वाढावीत ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती ठेंगणी राहिली. धुरीच्या विषाचा अंश मातीत उरला असावा, असा तर्क होता. १९७२ मध्ये क्लाइनश्मिट व गर्डेमान यांनी दाखवले की, मातीत विष उरले नव्हते. उपकारक कवक उरले नव्हते. ते पुन्हा दिल्यावर रोपे सुधारली. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याची कलमे बांधणाऱ्या विदर्भातील रोपवाटिकाधारकांनाही हा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे.

या नात्याची प्राचीनता पुढे जीवाश्मांनी सिद्ध केली. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती-जीवाश्मांत १९९४ मध्ये अर्बस्क्युलर रचना ओळखण्यात आल्या. त्या वनस्पतींना आजच्या अर्थाने मुळेही नव्हती. म्हणजे मुळांच्या आधीपासून कवकाची साथ होती.

६. भारतातील वाटचाल

भारतात या विचाराचा प्रसार दोन मार्गांनी झाला. पहिला मार्ग आल्बर्ट हॉवर्ड यांचा. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे आलेले हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत कार्यरत होते. तेथे विकसित झालेली कंपोस्टची 'इंदूर पद्धती' सुपरिचित आहे. पुढे रेनर यांच्या कार्याशी परिचय झाल्यावर त्यांनी चहा व इतर पिकांच्या मुळांकडे नव्या दृष्टीने पाहिले आणि १९४० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात कवकमुळांना मध्यवर्ती स्थान दिले. मात्र त्यांचा उत्साह पुराव्याच्या पुढे धावला. मूळ कवकतंतू पचवून त्यांतील प्रथिने मिळवते आणि पिकाची गुणवत्ता व रोगप्रतिकारशक्ती त्यावर अवलंबून असते, ही त्यांची धारणा नंतरच्या संशोधनाने उचलून धरली नाही. सेंद्रिय पदार्थ व मातीतील सजीव यांचा संबंध त्यांनी अचूक ओळखला. यंत्रणा मात्र चुकीची सांगितली.

दुसरा मार्ग संस्थात्मक संशोधनाचा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांचा वनशास्त्रातील कवकमुळांच्या भूमिकेविषयीचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डी. जे. बाग्यराज यांनी आंतर कवकमुळांवर दीर्घकाळ कार्य केले. दिल्लीच्या टेरी या संस्थेत कवकांचा संवर्धनसंग्रह उभा राहिला, तर गोवा विद्यापीठात बी. एफ. रॉड्रिग्ज व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम घाट व किनारी प्रदेशातील या कवकांचा अभ्यास केला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नागपूरच्या 'नीरी' या संस्थेचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या आणि चंद्रपूरजवळील पद्मापूर येथील कोळसा खाणीच्या टाकाऊ ढिगांवर या संस्थेतील आशा जुवारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंद्रिय टाकाऊ पदार्थ, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि कवकमुळांची कवके यांच्या एकत्रित वापराने वृक्ष वाढवून दाखवले. खाणीचा ढीग म्हणजे केवळ खडक व मुरूम. तेथे माती नसते, तशी मातीतील सजीवसृष्टीही नसते. पोर्तो रिकोच्या बेटावर जे घडले, तेच वेगळ्या रूपाने विदर्भात घडले. आधी सोबती परत आणला गेला, मग वृक्ष उभा राहिला.

७. उपेक्षेकडून अतिशयोक्तीकडे

आज कवकमुळांची उपेक्षा होत आहे, असे म्हणता येणार नाही. उलट दुसरा धोका निर्माण झाला आहे. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड व सहकाऱ्यांनी कॅनडातील अरण्यात बर्च व डग्लस फर या वृक्षांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होत असल्याचे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यातून 'अरण्याचे महाजाल' ही कल्पना लोकप्रिय झाली आणि माता-वृक्ष आपल्या रोपांना कवकांच्या जाळ्यातून अन्न पाठवतात, इथपर्यंत ती पुस्तके व चित्रपटांतून पसरली. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स व जेसन होक्सेमा यांनी उपलब्ध पुराव्यांची छाननी करून दाखवले की, यांतील अनेक विधानांना अरण्यातील प्रत्यक्ष प्रयोगांचा पुरेसा आधार नाही. विशेष म्हणजे जोन्स या १९९७ च्या मूळ लेखाच्याही सहलेखिका होत्या. आपल्याच संशोधनाच्या लोकप्रिय अर्थावर प्रश्न उपस्थित करण्याचा हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे.

बाजारपेठेतही असेच घडते. मायकोरायझाची पाकिटे आज कृषी सेवा केंद्रांत सहज मिळतात. जैविक खतांमध्ये त्यांचा समावेश होऊन खत नियंत्रण आदेशात त्यांसाठी मानकेही निश्चित झाली आहेत. परंतु पाकिटातील बीजाणू जिवंत आहेत काय, ते त्या वृक्षाला व त्या मातीला अनुरूप आहेत काय आणि त्या मातीत मुळातच ही कवके पुरेशी असताना त्यांची आवश्यकता आहे काय, हे प्रश्न उरतातच. जेथे कवके आहेत, तेथे पाकिटाने फारसा फरक पडत नाही, आणि जेथे ती नाहीत, तेथे मृत बीजाणूंचे पाकीट निरुपयोगी ठरते.

बाहेरून आणलेल्या कवकाचा आणखी एक परिणाम इतिहासाने दाखवला आहे. दक्षिण गोलार्धात पाइनसोबत आणलेल्या कवकांमुळे पाइन जगले, पण काही प्रदेशांत तेच लागवडीबाहेर पसरून स्थानिक वनस्पतींना त्रासदायक ठरले. कवक उपकारक आहे ते त्या झाडाला, सर्वांना नव्हे.

८. रोपवाटिकेसाठी काही बोध

या इतिहासातून वृक्षलागवडीसाठी पुढील व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट, पिशवीत भरायच्या मिश्रणात सजीव माती असावी. केवळ निर्जंतुक काथ्याचा भुसा व रासायनिक खत यांवर वाढवलेले रोप पिशवीत हिरवेगार दिसते; पण मुरमाड टेकडीवर गेल्यावर त्याला कवकाची साथ नव्याने शोधावी लागते. दुसरी गोष्ट, स्फुरदयुक्त खताचा मारा टाळावा. स्फुरद मुबलक मिळाल्यास वनस्पती कवकाला थारा कमी देते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. तिसरी गोष्ट, निरोगी झाडाखालची माती मिसळणे हा जुना उपाय उपयुक्त असला, तरी त्याबरोबर सूत्रकृमी व रोगजंतूही येऊ शकतात. शिवाय देवराईची वा वनाची माती पोत्यांनी उचलणे हे एक वन मोडून दुसरे लावण्यासारखे आहे. त्याऐवजी थोडी माती घेऊन तिच्यात ज्वारी किंवा मका कुंडीत वाढवावा आणि तीन-चार महिन्यांनी ती माती व बारीक कापलेली मुळे विरजणाप्रमाणे वापरावीत. आंतर कवकमुळांची कवके जिवंत मुळांवाचून वाढत नाहीत, म्हणून हा मार्ग योग्य ठरतो.

चौथी गोष्ट महाविद्यालयांशी संबंधित आहे. मुळांतील कवक पाहण्यासाठी १९७० मध्ये फिलिप्स व हेमन यांनी दिलेली पद्धती, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मुळे पारदर्शक करून रंगवणे, आणि बीजाणू वेगळे करण्यासाठी १९६३ मध्ये गर्डेमान व निकोल्सन यांनी मांडलेली ओल्या चाळणीची पद्धती, या दोन्ही वनस्पतिशास्त्राच्या सामान्य प्रयोगशाळेत शक्य आहेत. लागवडीच्या वेळी अर्धी रोपे कवकयुक्त मिश्रणात व अर्धी नेहमीच्या मिश्रणात वाढवून दोन पावसाळ्यांनंतर त्यांची मोजदाद केली, तर वनस्पतिशास्त्र, भूगोल व संख्याशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र काम करता येईल. निष्पत्ती काहीही आली, तरी ती आपल्या टेकडीविषयीची खरी माहिती असेल.

निष्कर्ष

मायकोरायझा संकल्पनेच्या इतिहासाचा आढावा घेता पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कवकमुळांचे निरीक्षण १८४० च्या सुमारास, त्याचा अर्थ १८८५ मध्ये आणि त्याची पूर्ण सिद्धता १९५० च्या दशकात झाली. हा विलंब साधनांच्या अभावापेक्षा 'कवक म्हणजे रोग' या पूर्वग्रहामुळे अधिक झाला.

२. पश्चिम ऑस्ट्रेलिया, पोर्तो रिको, अमेरिकेतील लिंबूवर्गीय रोपवाटिका व विदर्भातील खाणींचे ढीग या सर्व ठिकाणी कवकाच्या अभावानेच त्याचे महत्त्व पटवून दिले. मृत रोप हा केवळ अपयशाचा आकडा नसून अभ्यासाचा पुरावा आहे.

३. हॉवर्ड यांच्यापासून 'अरण्याच्या महाजाला'पर्यंत उत्साहाने पुराव्याला वारंवार मागे टाकले आहे. उपेक्षा आणि अतिशयोक्ती या दोहोंपासून दूर राहणे हीच या विषयाची शास्त्रीय शिस्त होय.

४. वृक्षलागवडीचे यश लावलेल्या रोपांच्या संख्येने मोजले जाते. परंतु रोप म्हणजे खोड व पाने एवढेच नव्हे. मुळासोबत त्याचा सोबतीही लावला गेला पाहिजे.

फ्रांक ट्रफल शोधायला गेले आणि त्यांना अरण्याच्या पोषणाचे एक रहस्य सापडले. ते सापडले, कारण त्यांनी झाडाचे मूळ उपटून नीट पाहिले. पुढील जून महिन्यात जुन्या खड्ड्यात नवे रोप ठेवण्यापूर्वी गतवर्षीच्या वाळलेल्या रोपाचे मूळ एकदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे, एवढेच या अभ्यासाच्या शेवटी सुचवावेसे वाटते.